‘बरा आसा’ : अण्णांच्या दोन डॉक्टरवाऱ्या

अण्णांचं वय ७८. देवगड तालुक्यातलं गाव, जांभ्याचं घर, मागे उतारावर चाळीसेक हापूसची कलमं. घरात अण्णा आणि आई, दोघंच. मी ठाण्यात. वर्षातून गणपती, मे महिना आणि जमलं तर शिमगा, एवढीच माझी हजेरी. बाकी सगळा कारभार फोनवर, आणि फोनवर अण्णांचं एकच उत्तर, “बरा आसा.”

रक्तदाब बारा वर्षांपासून आहे. कणकवलीच्या एका फिजिशियनकडे दाखवतात. गोळी एकच, पण जोडगोळी: टेल्मिसार्टन आणि त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड. हे दुसरं औषध लघवीवाटे पाणी काढून टाकतं. आम्ही सगळे तिला ‘प्रेशरची गोळी’ म्हणत होतो. त्यात दोन औषधं आहेत हे बारा वर्षांत कोणी बघितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

गेल्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा आई हळूच म्हणाली, अण्णांना पहाटे उठल्यावर गरगरतं. मग मी ठरवलं, या खेपेला नीट तयारी करून डॉक्टरकडे न्यायचं. ती तयारी फसली. दुसऱ्या वेळी केली ती कामाला आली. दोन्हींत फरक काय पडला ते मांडून ठेवते आहे, कारण गावाकडे आई-वडील आणि शहरात आपण, अशी घरं कोकणात प्रत्येक वाडीत आहेत.

पहिली वारी

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की पुढचे चार दिवस कणकवलीतले दवाखाने बघावेत. तालुक्यातला प्रत्येक चाकरमानी परतीच्या गाडीत बसण्याआधी आई-वडिलांना ‘एकदा दाखवून’ घेतो. आमचा नंबर ३४ होता. मी गाडी ठरवत होते, अण्णा एस.टी.वर अडून बसले. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एस.टी. फुकट आहे आणि बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट, तेव्हा गाडीवाल्याच्या खिशात पैसे घालणं त्यांना पाप वाटतं. सव्वा-दीड तास एस.टी., मग स्टँडवरून चालत, मग दवाखान्याचा जिना, मग दोन तास बाकावर.

माझ्या हातात फाइल होती. रात्री दोन वाजेपर्यंत बसून लावलेली, सहा वर्षांचे रिपोर्ट, रंगीत चिठ्ठ्या, वर अनुक्रमणिका. बँकेत ऑडिटच्या आधी लावतो तशी.

डॉक्टरांनी विचारलं, “काय आजोबा, काय त्रास?”

“बरा आसा,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, “बरं कुठे आहे?” आणि सुरू झाले. चक्कर, भूक, झोप, चिडचिड, २०१९चा ई.सी.जी. पाच मिनिटं मी बोलत होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी फाइलकडे बघत होते, अण्णा डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होते. बोलता बोलताच रक्तदाब मोजला गेला, १६८/९२. डॉक्टर म्हणाले प्रेशर वाढलंय, चक्कर त्यानेच असेल, आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ची एक गोळी वाढवून दिली. समोर आलेल्या माहितीवर दुसरं काय करणार? आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत आठ मिनिटं. एवढ्या गर्दीत ती भरपूरच म्हणायची.

त्या १६८ची गोष्ट मला नंतर कळली. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं असतं, अण्णा नुकतेच उठून आत आले होते. बोलायचं नसतं, आम्ही दोघं बोलत होतो. दंड उघडा हवा, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून बांधला होता. आणि मूत्राशय रिकामं असावं लागतं. अण्णा दोन तास लघवी तुंबवून बसले होते, कारण मुतारी कुठे ते काउंटरवरच्या मुलीला विचारायची लाज. यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा वर जातो. घरी शांतपणे मोजलेले आकडे माझ्या फाइलीत असते तर डॉक्टरांना पडताळून बघता आलं असतं. तिथे २०१९चा ई.सी.जी. होता.

पडले ते

घटस्थापनेनंतर दोन दिवसांनी पहाटे पाचच्या सुमारास अण्णा मागच्या दाराच्या पायरीवरून पडले. कोपर सोलवटलं, मुका मार बसला, हाड वाचलं. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही आई चुकून बोलून गेली म्हणून. अण्णांनी फोन घेतला आणि म्हणाले, “काय नाय, पाय निसाटलो. बरा आसा.”

इथे माझी दुसरी चूक झाली. नवं औषध सुरू झाल्यावर म्हातारं माणूस पडलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवायला हवं. मी ‘बरा आसा’वर विश्वास ठेवला, कारण मला रजा नव्हती.

मात्र एक केलं. आईला म्हटलं, ज्या दिवशी गरगरेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण कर. आई सातवी शिकलेली आहे. तिचं लिहिणं म्हणजे कालनिर्णयच्या चौकटी: दुधाचे रतीब, गॅस कधी लावला, गाय कधी फळली, कोणाकडचं नारळाचं येणं. त्याच चौकटींत तिने अण्णांना बसवलं. गरगरलं की फुली. रात्री उठले की जितक्या वेळा तितके ठिपके. ठिपक्यांचं मी सांगितलंच नव्हतं, ते तिनेच घातले, कारण दर वेळी कडी वाजली की तिलाही जाग येते.

माझ्याबरोबर काम करणारीची बहीण नर्स आहे. तिने फोनवर विचारलं, “बसून मोजता की उभं राहून?” उभं राहून मोजतात हे मला ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटं बसून किंवा आडवं पडून एकदा मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर डॉक्टरांना सांगायचंच. दंडाला बांधायचं मशीन देवगडच्या मेडिकलमधून मागवलं. शेजारचा अकरावीतला पोरगा कॉलेजला जाण्याआधी सहा वाजता यायचा आणि मोजून मला फोटो पाठवायचा. अण्णा पडू नयेत म्हणून आई खुर्ची धरून मागे उभी.

पहिल्याच दिवशी: बसून १३६/७८, उभं राहून एका मिनिटाने १०८/६४, तीन मिनिटांनी ११२/६६. सात दिवस थोड्याफार फरकाने तेच. दवाखान्यात १६८ असलेला माणूस घरी उभा राहिला की १०८वर येत होता, आणि आम्ही त्याला प्रेशर उतरवायची आणखी एक गोळी देत होतो.

मला तेव्हाच ती गोळी बंद करावीशी वाटली. नर्सबाईंनी दटावलं, मनाने काही बंद करायचं नाही, दवाखान्यात फोन करून लवकरचा नंबर घे. घेतला. वसुबारसेच्या आधीचा, म्हणजे चाकरमानी अजून उतरलेले नसतात तेव्हाचा. कोकणकन्येने आदल्या दिवशी सकाळी कणकवलीला उतरले आणि घरी गेले.

पडवीतला पंचनामा

दुपारी पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि आईला म्हटलं, घरातलं औषध म्हणून जे काही आहे ते सगळं आण. फडताळातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला, देवघरातली बाटली आली, उशाखालची पुडी आली. मोजलं तर चौदा प्रकार. प्रेशरच्या त्याच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, कारण दुकानदाराने एकदा बदलून दिली होती आणि रंग वेगळा म्हणून आईने ती वेगळी ठेवली होती. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, बाजारातून चार-चार गोळ्या सुट्या आणलेल्या. सर्दीच्या गोळ्या, एक चूर्ण, दोन मलमं, मुदत संपलेलं खोकल्याचं औषध.

डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो आणि प्रेशरच्या औषधाचा जोर कमी होतो. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि त्यावर हे, असं तिन्ही एकत्र पडलं की मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांनी कधी विचारलंच तर अण्णा ‘एकच गोळी खातंय’ म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. गुडघ्याची गोळी त्यांच्या लेखी औषधात जमा नव्हती.

मग कोणती कधी, हा प्रश्न. आई म्हणाली, सगळ्या रात्री जेवणानंतर, एकदाच, विसरायला नको. म्हणजे पाणी काढणारी गोळी रात्री नऊला. मी कालनिर्णय बघितलं. ठिपके चारच्या खाली एकाही चौकटीत नव्हते. एका चौकटीत मात्र दोन फुल्या होत्या, पाशांकुशा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. आधीच पाणी कमी, त्यात उपास.

“पाणी कमी का पिता, अण्णा?”

“रातीचो उठाचा लागता मां!”

म्हणजे रात्रीची गोळी त्यांना उठवत होती, उठावं लागतं म्हणून ते पाणी तोडत होते आणि पाणी तोडल्यामुळे पहाटे उभं राहताना गरगरत होतं. हे सगळं आईच्या पेन्सिलीत होतं. मी तिला विचारलं, आधी का बोलली नाहीस? ती म्हणाली, “माका कोणी इचारल्यान?”

अण्णांचा प्रश्न

आता फाइल नाही, एकच कागद, असं ठरवलं. मोठ्या अक्षरात, मराठीत. वर तीन ओळी: काय होतं, कधीपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी. खाली औषधं: नाव, किती, कधी, कोणी दिलं, आणि ‘बाजारातून’ असेल तर तसंच. त्याखाली सात दिवसांचे आकडे. सगळ्यात खाली एक मोकळी ओळ, अण्णांच्या प्रश्नासाठी.

ती ओळ भरायला रात्र गेली. “डॉक्टरांना तुम्हाला काय विचारायचंय?” असं म्हटलं की अण्णा म्हणत, “डॉक्टर शिकललो आसा, तेका कळता. मी काय इचारतलंय?” जेवणं झाली. ते पडवीत सुपारी कातरत बसले, मी शेजारी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने अडकित्ता थांबवून म्हणाले, “बांडगुळा काढूक कलमार चढलंय तर चलात काय, ता इचार.”

पाऊस संपला की कलमांवरची बांडगुळं छाटावी लागतात, नाहीतर ती फांदीच शोषून घेतात. चढणारा गडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अण्णांच्या मनात चक्कर, प्रेशर, रिपोर्ट काही नव्हतं, ती चाळीस झाडं होती. मी ओळ त्यांच्याच शब्दांत लिहिली आणि विचारलं, “यंदा चढलात का?” अडकित्ता पुन्हा सुरू झाला. आतून आई म्हणाली, “दोनदा.”

दुसरी वारी

कालनिर्णयचं पान फाडून न्यायचं म्हटलं तर आई देईना. “महिनो संपूक नाय अजून.” शेवटी अख्खं कॅलेंडर गुंडाळून एस.टी.त घेतलं. पुन्हा एस.टी.च, पण या वेळी दवाखान्यात शिरल्याबरोबर मी मुतारी कुठे ते विचारून घेतलं, आणि काउंटरवर सांगून ठेवलं की अण्णांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. गेल्या वेळी डॉक्टर डावीकडून, तोंडाला मास्क लावून बोलत होते आणि अण्णा ‘होय होय’ करत होते. निम्मं त्यांना पोचलंच नव्हतं. या वेळी खुर्ची फिरवून ठेवली, उजवा कान डॉक्टरांकडे.

कागद मी अण्णांच्या खिशात ठेवला होता. त्यांनीच काढून दिला. डॉक्टरांनी वरच्या ओळी वाचल्या, उभं राहिल्यावरचे आकडे बघून स्वतः पुन्हा मोजलं, बसून आणि उभं करून. मग शेवटच्या ओळीशी आले आणि पेन खाली ठेवलं.

“आजोबा, तुम्ही झाडावर चढता?”

“जास्त नाय.”

त्यानंतर जे झालं ते माझ्या कागदावर नव्हतं. नर्सबाईंनी एक गोष्ट बजावून ठेवली होती, थोडा वेळ तू बाहेर जा. मला ते पटलं नव्हतं. मी नसले तर अण्णा पुन्हा ‘बरा आसा’ म्हणणार, याची मला खात्री होती. तरी उठले, म्हटलं, तुम्ही दोघं बोला, मी बाहेर आहे.

सहा-सात मिनिटांनी बोलावणं आलं. टेबलावर अण्णांची पानाची चंची उघडी होती आणि तिच्यातून निघालेली गोळ्यांची एक पट्टी डॉक्टरांच्या हातात. टॅम्सुलोसिन. प्रोस्टेटसाठीची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची जी ग्रंथी वाढली की लघवीला त्रास होतो तिच्यासाठीची. रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून अण्णा श्रावणात एका मित्राबरोबर दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. तिथे त्यांनी प्रेशरच्या गोळीचं सांगितलं नव्हतं आणि इथे या गोळीचं. लघवीची बाब लेकीसमोर काढायची कशी, म्हणून पट्टी पान-सुपारीत. या औषधाने उभं राहताना रक्तदाब उतरू शकतो. गरगरायला सुरुवात श्रावणातच झाली होती, आणि मी गणपतीला ‘कधीपासून’ हा प्रश्न न विचारताच पाच मिनिटं बोलले होते.

डॉक्टरांनी साखळी उलट्या बाजूने सोडवली. अ‍ॅम्लोडिपिन बंद, तिने अण्णांचे घोटेही सुजले होते, ते मी मोजे घट्ट असतील म्हणून सोडून दिलं होतं. जोडगोळी बंद, त्याऐवजी साधी टेल्मिसार्टन, सकाळी. टॅम्सुलोसिन तूर्त चालू, सोनोग्राफी करून लघवी केल्यावर आत किती उरते ते बघू. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नाहीत, कारण प्रोस्टेट वाढलेलं असताना त्यांतल्या काहींनी लघवी अडकते. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताने. उठताना खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

रक्तात सोडियम १३१ आलं. १३५च्या खाली म्हणजे कमी, आणि लघवीच्या त्या औषधाने म्हाताऱ्या माणसांत असं होतं. हे गावात कळल्यावर ‘मीठ कमी झालाहा’ म्हणून दोन घरांतून खारवलेल्या बांगड्याचे वानोळे आले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मीठ वाढवायचं नाही, गोळी थांबली की दहा दिवसांनी पुन्हा तपासू. बांगडे मी खाल्ले.

बांडगुळांचं उत्तर: चढायचं नाही. आंबे उतरायच्या वेळीही खाली उभं राहून झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आहे की, डॉक्टर म्हणाले. त्यांचीही कलमं निघाली. पुढची पाच मिनिटं दोघं आंब्यावरच्या तुडतुड्या किडीवर बोलले आणि मी नंबर ९च्या माणसाची नजर चुकवत बसले.

परतीच्या एस.टी.त मी विचारलं, “अण्णा, घरी गेल्यावर आईला काय सांगणार?” ही परीक्षा घेतली ते बरंच झालं. त्यांनी बाकी सगळं अचूक सांगितलं, फक्त सकाळ-रात्र उलटी केली. टॅम्सुलोसिन सकाळी आणि प्रेशरची रात्री. तिकिटाच्या मागे सूर्य आणि चंद्र काढून दिले. ते चितारलेलं तिकीट अजून फडताळाच्या दारावर चिकटवलेलं आहे. बंद झालेल्या पट्ट्या आई टाकेना, “पैशे दिल्ले आसत.” मी रबर लावून, वर ‘बंद’ लिहून, त्या माझ्या बॅगेत घातल्या आणि ठाण्याला घेऊन आले. घरात राहिल्या असत्या तर कधीतरी पोटात गेल्याच असत्या.

तीन आठवड्यांनी त्याच पोराने मोजलं: बसून १४२/८०, उभं राहून १३४/७६. सोडियम १३६. ठिपके दोनवर आले. फुली महिन्यात एक, तीही रात्री जत्रेत जागल्यानंतरची.

मोतीबिंदू

जानेवारीत डोळ्यांचं काढलं. ७० वर्षांपुढच्यांसाठी २०२४च्या ऑक्टोबरपासून जे आयुष्मान वय वंदना कार्ड निघालंय, ते आधारवर काढून ठेवलं होतं. ते कुठे चालतं हे मात्र रुग्णालयात फोन करून आधी विचारून घ्यावं, आमची एक फेरी त्यात फुकट गेली. कागद तोच, नवा उतरवलेला. टॅम्सुलोसिनची ओळ लाल शाईने, कारण हे औषध घेणाऱ्याच्या डोळ्यातला रंगीत पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडू शकतो आणि सर्जनला ते आधी माहीत असावं लागतं. गोळी काही दिवस थांबवली म्हणून तो धोका जातोच असं नाही, म्हणून सांगणंच महत्त्वाचं.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? मी पिशवीची चेन उघडेपर्यंत अण्णांनी चंची काढून पट्टी तिच्यासमोर ठेवली होती. “ही पयली बघा.”

आत बोलावलं तेव्हा मी उठले. अण्णा दारात थांबले आणि वळून म्हणाले, “तू भायर बस गो.”

डोळ्यांच्या डॉक्टरकडे लेकीपासून लपवायचं काय असणार? मी बाहेर बसले.